मीटरनं बरोबर मोजलं, बिलानं चुकीचं वाचलं

कोल्हापुरातल्या एका घरानं छतावर सौर पॅनेल बसवल्यानंतर तीन महिने चुकीची बिलं आली. ती दुरुस्त कशी झाली, त्याची ही हकीकत आहे. नावं आणि ओळख पटेल असे तपशील काढून टाकले आहेत. इंधन समायोजनासारखे किरकोळ आकार सोडले आहेत, म्हणून रुपये ढोबळ आहेत. युनिट मात्र जशीच्या तशी ठेवली आहेत, कारण सगळं प्रकरण त्यांच्यावरच फिरलं.

माझं काम विजेचं नाही. राजारामपुरीत बसून मी लोकांचे आयकर-जीएसटीचे कागद करते. काका त्यांच्या पेन्शनच्या रिटर्नसाठी आले आणि जाता जाता टेबलावर वीजबिल टाकून म्हणाले, "ताई, हे बघा की जरा. सूर्याला हप्ता द्यायला लागलोय काय आम्ही?"

पार्श्वभूमी

काका निवृत्त शिक्षक. कळंब्याच्या बाजूला दोन मजली घर, घरात काकू, मुलगा, सून आणि नात. एसी नाही. गिझर, पाण्याची मोटर, दोन फ्रिज. महिन्याला सरासरी २७० युनिट आणि ३,१०० रुपयांच्या आसपास बिल.

२०२४-२५ मध्ये घरगुती ग्राहकाला पहिल्या १०० युनिटला ४ रुपये ७१ पैसे ऊर्जा आकार होता आणि १०१ ते ३०० युनिटला १० रुपये २९ पैसे. वर वहन आकार, स्थिर आकार आणि १६ टक्के वीज शुल्क. म्हणजे शंभराची वेस ओलांडली की युनिटचा ऊर्जा आकार दुपटीहून जास्त. सौर पॅनेलचा फायदा खरा तर इथंच आहे, आणि बिलात चूक झाली की फटकाही इथंच बसतो. शंभराच्या पुढं गेलेल्या घराला शंभर युनिट जास्त लागली तर ती स्वस्त टप्प्यातली नसतात, नेहमी वरच्या टप्प्यातलीच असतात.

पंतप्रधान सूर्यघर योजनेतून काकांनी ५४० वॅटची सहा पॅनेल घेतली, म्हणजे ३.२४ किलोवॅट. तीन किलोवॅट आणि त्याहून मोठ्या घरगुती संचाला ७८,००० रुपये अनुदान आहे, ते पुढे खात्यावर जमाही झालं. दिवाळीनंतर लगेच पॅनेल चढली, इन्व्हर्टर लागला. राहिलं होतं ते फक्त जुनं मीटर काढून दुतर्फा मोजणारं नेट मीटर बसवणं. त्याला वेळ लागणार होता.

२० नोव्हेंबरला विधानसभेचं मतदान होतं. सुटी म्हणून मुलगा घरी. त्यानं कॉन्ट्रॅक्टरच्या माणसाला बोलावून घेतलं, "टेस्टिंग करून टाकू" म्हणून स्विच वर केला. काकूंनी इन्व्हर्टरला हळदीकुंकू वाहिलं. मोबाइलच्या ॲपवर युनिट चढायला लागली. स्विच मग कुणी खाली केलाच नाही. नेट मीटर बसलं १२ डिसेंबरला.

अडचण

मीटर वाचनाची तारीख दर महिन्याची १८.

डिसेंबरचं बिल ३५७ युनिटचं आलं, साडेचार हजारांच्या पुढे. घरात माणूस वाढला नव्हता, यंत्र वाढलं नव्हतं, उलट दिवसाची वीज छतावरून येत होती. नवीन मीटरचं पहिलंच बिल म्हणून काकांनी गप भरून टाकलं.

जानेवारीचं बिल १७९ युनिटचं, १,८८० रुपये. ॲप सांगत होतं की त्याच महिन्यात ३७८ युनिट तयार झाली. काकांनी हे बिल भरलं नाही.

फेब्रुवारीचं बिल ४०७ युनिटचं! ५,४४० रुपये, मागची थकबाकी धरून ७,३००. सौर बसवण्याआधी या घराचं बिल एवढं कधीच आलं नव्हतं. ते घेऊन काका माझ्याकडे आले.

पहिला अर्ज आणि तो का फसला

मध्ये काकांनी एक अर्ज दिला होता, २७ जानेवारीला. वीज वितरण कंपनीच्या कार्यालयात स्वतः जाऊन, मास्तरांच्या सुरेख अक्षरात. मागणी अशी, की आमच्या ॲपनुसार १८ जानेवारीच्या वाचनापर्यंत ७१४ युनिट तयार झाली, ती सगळी बिलातून वजा करावीत. सोबत ॲपचे स्क्रीनशॉट.

खिडकीवरच्या माणसानं सांगितलं, "काका, ॲपवरची युनिट आम्हाला चालत नाहीत ओ. पुढच्या बिलात ॲडजस्ट होईल बघा." अर्जाच्या प्रतीवर शिक्का घ्यायचा राहिला.

ॲपबद्दल तो माणूस बरोबर होता. पुढच्या बिलाबद्दल चूक निघाला, पण पहिल्या गोष्टीत बरोबर होता, आणि काकांना तेच पटत नव्हतं. "आमचीच वीज घ्यायची आणि आम्हालाच बिल लावायचं, हा कुठला न्याय?" मलाही सुरुवातीला तसंच वाटलं. मग मी ते बँकेच्या पासबुकासारखं मांडून पाहिलं.

सौर घरात तीन आकडे असतात, लोक दोनच धरतात. पहिला उत्पादनाचा, तो इन्व्हर्टर मोजतो आणि ॲपवर दिसतो. दुसरा आयात, म्हणजे तारेवरून घरात आलेली वीज. तिसरा निर्यात, म्हणजे घरातून तारेवर गेलेली. मागचे दोन नेट मीटर मोजतं. दुपारी पॅनेलची वीज थेट फ्रिजला, मोटरला, मिक्सरला जाते. ती मीटरपर्यंत पोचतच नाही, त्यामुळे मीटरला तिचा पत्ता नसतो. जानेवारीचं गणित असं: उत्पादन ३७८, त्यातली निर्यात २७८, म्हणजे १०० युनिट घरातच वापरली. ही १०० आणि आयात १७९ मिळून घराचा वापर २७९. नेहमीचा २७०, थंडीत गिझर थोडा जास्त. जुळलं.

मागायची होती ती २७८ युनिट, ३७८ नव्हे. घरात वापरलेल्या शंभराचा फायदा आधीच मिळालेला होता, ती शंभर आयात करावीच लागली नव्हती. पहिल्या अर्जात मागणीच चुकीच्या आकड्याची असल्यानं समोरच्याला ती झटकायला सोपं गेलं आणि मूळ तक्रार कुणी वाचलीच नाही. यात चार आठवडे गेले.

नेमकं बिघडलं कुठं

तिन्ही बिलं शेजारी ठेवल्यावर एक गोष्ट लगेच दिसली. नेट मीटरच्या ग्राहकाच्या बिलावर आयात, निर्यात आणि पुढे ओढलेली युनिट असे वेगळे रकाने असतात. काकांच्या बिलावर ते नव्हते. संगणकाच्या लेखी हे घर साधं होतं, फक्त मीटर बदललेलं. सौर ग्राहक म्हणून नोंद चढलीच नव्हती. त्यामुळे आयातीचं बिल निघत होतं आणि निर्यात कुणी विचारतच नव्हतं.

पण मग फेब्रुवारीचे ४०७ कुठून आले? नुसती निर्यात धरली नसती तर बिल पावणेदोनशे युनिटच्या आसपास यायला हवं होतं. उत्तर बिलावरच छापलेलं होतं. बिलावर मीटरच्या वाचनाचा फोटो असतो, शिक्क्याएवढा. मी तो मोबाइलवर मोठा करून पाहिला. पडद्यावर ६२४ आणि कोपऱ्यात बारीक अक्षरांत निर्यातीची खूण. या मीटरचा पडदा दर काही सेकंदांनी आकडा बदलतो. वाचन घ्यायला आलेल्या मुलानं ज्या क्षणी फोटो काढला, त्या क्षणी पडद्यावर निर्यात होती. संगणकानं त्या ६२४ मधून जानेवारीचं आयातीचं वाचन, २१७, वजा केलं. झाले ४०७. दोन वेगळ्या वह्यांतले आकडे एकमेकांतून वजा केले तर बाकी काहीही येते.

डिसेंबरचं कोडं सोडवायला वेळ लागला आणि ते उलगडल्यावर काकांच्या मुलाचा चेहरा उतरला. अनेक घरगुती इलेक्ट्रॉनिक मीटर वीज कुठल्या दिशेनं गेली ते बघत नाहीत, गेली ती सगळी वापरात मोजतात. तारा उलट जोडून मीटर मागं फिरवायची चोरी होऊ नये म्हणून ही सोय. १८ नोव्हेंबरच्या वाचनापासून १२ डिसेंबरपर्यंत घरानं साधारण १२८ युनिट घेतली आणि २० नोव्हेंबरनंतरच्या बावीस दिवसांत १९४ बाहेर दिली. जुन्या मीटरनं दोन्हींची बेरीज केली, ३२२. नव्या मीटरची ३५ मिळून ३५७. म्हणजे काकांनी कंपनीला वीज दिली आणि ती दिल्याबद्दल पैसेही भरले. मात्र ही चूक कंपनीची नव्हती. नेट मीटर बसण्याआधी संच सुरू करायचाच नसतो.

समोर कोणते पर्याय होते

मुलाचं मत होतं की भरून टाका, कटकट नको. यात धोका असा, की नोंद दुरुस्त होईपर्यंत दर महिन्याला तेच होत राहणार.

काकांचं मत होतं की एक पैसा भरायचा नाही. वीज अधिनियम २००३ च्या कलम ५६ प्रमाणे थकबाकीसाठी वीज तोडायची तर पूर्ण पंधरा दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते. पण नोटीस आली की माणूस घाबरून सगळंच भरतो, असं मी पाहिलं आहे.

त्याच कलमात एक परंतुक, म्हणजे अपवाद, आहे, ते मला महत्त्वाचं वाटलं. वाद चालू असताना ग्राहकानं निषेध नोंदवून, मागितलेली रक्कम किंवा आधीच्या सहा महिन्यांच्या सरासरीनं येणारी रक्कम, यांतली कमी असेल ती भरली तर वीज तोडता येत नाही. जानेवारीची मागणीच कमी होती, १,८८०. फेब्रुवारीची सरासरी सुमारे ३,३०० येत होती. एकूण ५,१८०.

आणखी एक वाट मीटर तपासणीची होती. बिल जास्त आलं की लोक पहिलं हेच म्हणतात, मीटर पळतंय. तपासणीला मीटर काढून न्यायचं, शुल्क भरायचं, अहवालाची वाट बघायची. आम्ही त्याऐवजी घरातच एक साधी परीक्षा केली. भर दुपारी घरातली सगळी बटणं बंद करून अर्धा तास थांबलो. निर्यात वाढली, आयात जागच्या जागी. रात्री आठला उलटं. मीटर व्यवस्थित होतं. ती वाट सोडली, आणि हा निर्णय मला आजही बरोबर वाटतो. मीटरवर संशय घेतला असता तर सगळी चर्चा मीटरवर गेली असती आणि नोंदीची चूक तशीच राहिली असती.

शेवटचा पर्याय ग्राहक गाऱ्हाणे निवारण मंचाचा. कलम ४२(५) खाली तो प्रत्येक वितरण कंपनीला नेमावाच लागतो. तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत तिथं जाता येतं आणि त्यावर विद्युत लोकपाल आहेत. पण आधी कंपनीकडे लेखी तक्रार हवी, आणि आमच्याकडे तर पहिल्या अर्जाची पोचही नव्हती.

काय केलं

दुसरा अर्ज २४ फेब्रुवारीला दिला. एकच पान. त्यात ॲपचा उल्लेखच नाही. तीन मागण्या: सौर ग्राहक म्हणून नोंद चढवा, १२ डिसेंबरपासूनची बिलं आयात वजा निर्यात अशी नव्यानं काढा, फेब्रुवारीच्या बिलावरचा फोटो निर्यातीचा आहे, तो तपासा. सोबत एक तक्ता:

१२ डिसेंबर: आयात ३, निर्यात १
१८ डिसेंबर: आयात ३८, निर्यात ५४
१८ जानेवारी: आयात २१७, निर्यात ३३२
१८ फेब्रुवारी: आयात ३८८, निर्यात ६२४

यातली मधली निर्यात-वाचनं आमच्याकडे कुठून? काका मास्तर. नवीन मीटर बसल्या दिवसापासून कॅलेंडरच्या मागं रोज आकडे लिहून ठेवत होते. आयात-निर्यात म्हणजे काय हे माहीत नसतानाही, पडद्यावर दिसेल ते सगळं. आणि सुरुवातीच्या ३ आणि १ ला पुरावा होता नातीचा व्हिडिओ. "आज्जीनं मीटरला पण कुंकू लावलं" म्हणून तिनं घरच्या ग्रुपवर टाकलेला, त्यात पडदा दोनदा बदलताना दिसतो. मीटर बदली अहवालाची प्रत मात्र घरात सापडली नाही, ती अर्जातच मागून घेतली.

पैशावरून काका आणि मी चांगलेच भांडलो. "न घेतलेल्या विजेचे पाच हजार? ताई, तुम्ही कुणाच्या बाजूच्या?" शेवटी काकूंनी निकाल लावला, "दिवे गेले तर नातीची परीक्षा तुम्ही कंदिलावर घेणार काय?" ५,१८० रुपये भरले. तेही सहज नाही. ऑनलाइन आणि खिडकीवर पूर्ण रक्कमच मागत होते, अधिकाऱ्याची सही घेऊन मग अर्धवट भरणा झाला. पावतीबरोबर "निषेध नोंदवून" असं पत्र जोडलं, आणि या वेळी दोन्हींवर शिक्का घेतला.

५ मार्चला कनिष्ठ अभियंता घरी आले. माणूस सरळ होता. त्यांनी बटण दाबून दोन्ही आकडे पाहिले, काकांची कॅलेंडरची पानं उलटली आणि हसून म्हणाले, "आमच्यापेक्षा तुमचं रजिस्टर चांगलंय." मीटरच्या आत दर महिन्याचं वाचन साठवलेलं असतं, ते त्यांनी यंत्रानं उतरवून घेतलं. त्याला ते एमआरआय म्हणतात. ती वाचनं काकांच्या नोंदींशी जुळली आणि वाद तिथंच संपला.

घाई एका गोष्टीची होती, ३१ मार्चची. जास्तीची युनिट महिन्यामागून महिना पुढे ओढली जातात, पण आर्थिक वर्ष संपताना उरलेल्यांचा हिशेब वीज नियामक आयोगानं ठरवलेल्या दरानं पैशात होतो आणि नवीन वर्षी खातं शून्यावर येतं. नोंद एप्रिलमध्ये चढली असती तर आधी मागच्या वर्षाचा हिशेब उघडायला लावा, मग युनिट मागा, असं दुहेरी काम झालं असतं. मी हे अर्जात शेवटच्या ओळीत लिहिलं होतं. अभियंत्यांनी नेमकी तीच ओळ पेनानं खुणावली.

निकाल

होळीच्या आदल्या दिवशी, १२ मार्चला, दुरुस्त बिल हातात आलं.

डिसेंबर ३५७ वरून ३०४ युनिट, कारण नव्या मीटरच्या सहा दिवसांची ५३ निर्यात वजा झाली. जानेवारी आणि फेब्रुवारी शून्य युनिट, फक्त स्थिर आकार आणि त्यावरचं शुल्क, म्हणजे महिन्याला साधारण १४८ रुपये. जानेवारीची ९९ आणि फेब्रुवारीची १२१ मिळून २२० युनिट खात्यावर जमा.

तीन महिन्यांचं खरं देणं निघालं ३,८५८. काकांनी भरले होते डिसेंबरचे ४,५२९ आणि निषेधाचे ५,१८०. म्हणजे ५,८५० रुपये कंपनीकडे जास्त. ते परत न मिळता पुढच्या बिलांत वळते होत राहिले. महिन्याला १४८ च्या चालीनं ते संपायला तीन वर्षं लागली असती. "मी त्यांचा मुदतठेवीचा खातेदार झालो," काका म्हणाले. पावसाळ्यानं ही ठेव थोडी लवकर मोडली. कोल्हापूरच्या जुलैत सूर्य चार-चार दिवस तोंड दाखवत नाही, रोजची बारा युनिट तीन-चारवर येतात आणि एप्रिलपासून साठवलेलं खातं तेव्हा उपयोगी पडतं.

वेगळं काय करता आलं असतं

पहिल्या अर्जाचं वर आलंच आहे. त्याहून मोठी गोष्ट जानेवारीच्या बिलाची. त्यावर आयात-निर्यातीचे रकाने नाहीत हे तेव्हाच दिसलं असतं तर फेब्रुवारीचा घोळ झालाच नसता. नवीन नेट मीटरचं पहिलं बिल आलं की रक्कम नंतर बघावी, आधी ते रकाने शोधावेत.

निषेधाच्या भरण्याबद्दल माझं मन अजून पक्कं नाही. वीज तोडायची नोटीस आलेली नव्हती. दुसरा अर्ज देऊन नोटिशीची वाट बघितली असती आणि आली असती तर त्या पंधरा दिवसांत हीच रक्कम भरली असती, तर पाच हजार अडकले नसते. काका तेव्हा हेच म्हणत होते, फक्त रागानं, म्हणून मला ते पटलं नाही. दुसऱ्या बाजूनं, भरणा केल्यामुळे कार्यालयात आमच्याकडे थकबाकीदार म्हणून कुणी बघितलं नाही, हेही खरं. परतावा रोख मागण्याचा अर्ज तेव्हाच, त्याच कागदावर करायला हवा होता. तो मी विसरले.

राहिली ती डिसेंबरची १९४ युनिट. बाहेर दिलेली असून वापर म्हणून मोजली गेली, आणि वरच्या टप्प्यांत गेल्यानं सुमारे सव्वीसशे रुपयांना पडली. ती कंपनीकडे मागायची नाहीत असं आम्ही ठरवलं. आपली बाजू जिथं लंगडी आहे तो मुद्दा अर्जात घातला की मजबूत मुद्द्यांनाही त्याची कळा लागते. ती मागायची होती कॉन्ट्रॅक्टरकडे. मुलानं फोन केला. "टेस्टिंग तर करायला लागतंयच की भावा," तिकडून उत्तर. "बावीस दिवस?" यावर तो गप्प झाला. चार दिवसांनी आला आणि पॅनेल धुवायला गच्चीवर पाण्याचा नळ काढून देतो म्हणाला, फुकट. काका हो म्हणाले. मी असते तर सव्वीसशे मागितले असते.